पाचव्या सिलिंडरचा खोकला

तापल्या धातूवर पाण्याचा थेंब पडला की होणारा बारीक 'चर्र' आवाज माझ्या मनात खंडूतात्यांच्या बोटांना चिकटून राहिला आहे. हिवाळ्यातली सकाळ, पत्र्याच्या हँगरच्या फटींतून तिरप्या उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्या, त्यांत तरंगणारी, शेजारच्या रानातून उडून आलेली कापसाची तुसं, आणि पिवळ्या विमानाच्या नाकाशी पितळी वाटी घेऊन उभे असलेले तात्या. गार इंजिन नुकतंच क्षणभर चालवून बंद केलेलं असे. पंख्यामागे पाकळ्यांसारखी गोल मांडलेली सात सिलिंडरं. तात्या पाण्यात बोटं बुडवून एकेकावर शिंपडत जात, आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या आवाजात ओ देई. त्या दिवशी पाचव्यानं ओ दिली नाही. थेंब त्याच्या अंगावरून नुसता ओघळून खाली गेला.

"मेंढराचा कान तापला की ते बिमार," तात्या म्हणाले, "आन् ह्याचं अंग गार लागलं की हे बिमार. फरक तेवढाच, माय."

तात्या जालन्याच्या मस्तगड भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. भोकरदनकडच्या मेंढपाळ घरात जन्मलेला हा माणूस तरुणपणी हवाई दलाच्या वर्कशॉपात इंजिन फिटर झाला, आणि निवृत्त होऊन परतल्यावर जालन्याबाहेरच्या लहानशा धावपट्टीवर एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याचं हौसेनं घेतलेलं जुनं विमान सांभाळू लागला. हल्ली त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि इंजिनाची सगळी पुस्तकं इंग्रजीत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत गप्प बसणारी. "वाचायला तरी तोंड उघडशील," असं म्हणून आईनं मला त्यांच्या स्कूटरवर बसवून दिलं.

मी वाचत असे, ते ऐकत असत. पण त्यांचं खरं ऐकणं हातांचं होतं. पंख्याचं पातं ते हलक्या हातानं फिरवत, जणू झोपलेल्या कुणाची कूस बदलत आहेत, आणि डोळे मिटून आतल्या प्रत्येक झडपेची उघडझाप तळहातात घेत. अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दूरच्या माळावरचं ऊन येई. विमान कधी उडत नसलं तरी हँगरमधली ती सकाळ जमिनीपासून वीतभर वर असे.

इंजिनाला खोकला होता. सकाळी गारठ्यात सुरू केलं की ते अडखळे, काळा धूर टाकी, आणि अंग तापलं की सुरळीत गुणगुणू लागे. मी जुन्या मेकॅनिकांची टिपणं चाळली, आणि या दुखण्याचं त्यांनी ठेवलेलं नाव वाचून गप्प झाले. इंग्रजीत त्याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात.

"काय म्हंत्यात? वाच की."

मी खाली बघत म्हणाले, "सकाळच्या... उलट्या. बायकांना होतात तशा."

तात्या असे हसले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "म्हंजी दिवस गेलेत म्हन की हिला! ह्या वयात!" बराच वेळ ते विमानाच्या पोटावर थोपटत हसत राहिले. मीसुद्धा हसले, मोठ्यानं, किती दिवसांनी कोण जाणे.

पण त्या विमानाचे दिवस खरोखरच सरत आले होते. व्यापारी वारले होते आणि मुलांनी सगळं ठरवून टाकलं होतं. दक्षिणेतला एक जुन्या विमानांचा हौशी माणूस ते घ्यायला तयार होता. त्याचा वैमानिक शनिवारी येणार, आणि इंजिन नीट चाललं तरच रविवारी पहाटे उडवत नेणार. नाही चाललं, तर शहागडला हमरस्त्यावरच्या एका हॉटेलापुढे ते शोभेसाठी लोखंडी खांबावर चढवलं जाणार होतं. तात्यांची लेक शहागडलाच दिलेली. बरं केलं तर विमान कायमचं जाणार होतं. बिघडलेलं राहिलं तर लेकीकडे जाताना एसटीच्या खिडकीतून दर महिन्याला दिसणार होतं. हे तात्या एकदाही बोलले नाहीत. ते फक्त पातं फिरवताना पूर्वीपेक्षा हळू झाले.

बुधवारी मी त्यांचा हात थांबलेला पाहिला. पाचव्या सिलिंडरचं झाकण उघडून ते एका हातानं पातं फिरवत होते, दुसऱ्याचा अंगठा झडपेच्या दांड्यावर होता. दांडा आत गेला आणि परतताना रेंगाळला, जडावलेल्या पापणीसारखा. अंगठा तिथेच राहिला. दुखणं सापडलं होतं. मग त्यांनी झाकण लावलं, हात पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय न्हाई. थंडीचं हाये."

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही हँगरमध्ये नुसते बसून काढले. ते चाकं पुसत, मी वही उघडून कोरं पान बघत असे. दोघांमध्ये एक खोटं होतं आणि ते आम्ही एखाद्या आजाऱ्यासारखं जपत होतो.

शनिवारी भर दुपारी वैमानिक आला. बोलका, तरुण, माझ्या भावाच्या वयाचा. दुपारच्या उन्हात इंजिन एकदाही अडखळलं नाही. त्यानं तात्यांशी हात मिळवला, पहाटे निघतो म्हणाला, आणि धावपट्टीशेजारच्या खोलीत सामान टाकलं. तात्या शांत होते. पहाटे खोकला येणार, तो ऐकून हा पोरगा नको म्हणणार, हे त्यांनी धरलेलं असावं.

परतताना मोसंबीच्या बागांवर ऊन पिकून पिवळं झालं होतं. स्कूटरवर मागे बसलेल्या मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा बोलता आलं.

"तात्या, गरम झालं की खोकला थांबतो. थांबलेला बघून तो उडाला, आणि वर गेल्यावर झडप अडकली तर?"

 पुढं लिंबाखाली त्यांनी स्कूटर उभी केली.

"तुला ठावं व्हतं?"

"बुधवारपासून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्हीही नाही बोललात."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.  "चुकलं माझं, माय," ते म्हणाले आणि स्कूटर मागे वळवली. "चल जल्दी. उजेड हाये तवर."

वैमानिकाला त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "साहेब, दुखनं सापडलं व्हतं. मीच झाकून ठिवलं. जीव हाये ह्या विमानात माझा."  वैमानिकानं बाह्या सारल्या आणि विचारलं, कोणता पाना देऊ?

प्लगच्या भोकातून तात्यांनी आत सुती दोरी भरली, झडप निसटून आत पडू नये म्हणून. स्प्रिंग उतरवली आणि दांड्यावर वर्षानुवर्षं साठलेली काजळी हळूहळू खरवडून काढली. ते काम मी दारात उभी राहून पाहिलं. कलत्या उन्हात त्यांचे हात तांब्याचे झाले होते. वाटलं, आपल्या माणसाला लांबच्या गावी धाडताना नखं कापून, केस विंचरून देतात, तसंच काही चाललं आहे. आणि प्रत्येक खरवडण्याबरोबर त्यांच्या हातांतलं ओझं उतरत होतं, उतरता उतरता हात रिकामे होत होते.

पहाटे ज्वारीवर दव होतं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, एकसंध, कुठेही न अडखळता. वैमानिकानं अंगठा उंचावला. पिवळे पंख धुक्यातून धावत गेले, थोडं डळमळून जमिनीपासून सुटले, आणि दक्षिणेकडे वळून लहान होत होत आकाशाच्या करड्या रंगात विरघळले. आधी रंग गेला, मग आकार, मग आवाज. मी निघायला वळले, तर तात्या मान किंचित कलती करून तसेच उभे. त्यांना ते अजून ऐकू येत होतं. मी थांबले. जाणं हा एकच क्षण असतो असं मला तोवर वाटत असे. पण त्या पहाटे एकच विमान माझ्यासाठी केव्हाच गेलेलं होतं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसासाठी ते अजून जातच होतं, आणि ते किती वेळ जात राहील हे काळाला नव्हे, फक्त त्या माणसालाच ठाऊक होतं.