सत्तावीस नंबरची हजेरी

अनसिंगच्या बेबीताई पडघान यांनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वाशिमच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गावाने आठवड्याच्या आत त्याची तीन कारणं शोधून काढली. एक, अंगणवाडीच्या बाईला आता सुपरवायझर व्हायचंय, आणि त्याला पदवी लागते. दोन, पोरगं गेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिसरं कारण शेजारच्या सोजरबाईचं खास स्वतःचं होतं, "जानरावचं मुकं तोंड पाहू पाहू कटाळली असंन. सकायची तेवढीच सुटका बापा!"

बेबीताईने तिन्ही ऐकून घेतली आणि त्यातलं पहिलं ठेवून घेतलं. लोकांना सांगायला ते बरं होतं. खरं कारण चौथं होतं, आणि ते तिने अंगणवाडीत रोज सोबत बसणाऱ्या भागिरथालाही सांगितलं नव्हतं.

पोरगं म्हणजे अश्वजित. एकुलता. जुलैत त्याने बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, तीन आठवडे कॉलेज केलं, आणि ऑगस्टमध्ये विहिरीवरच्या मोटरचा करंट लागून गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरातून त्याचं नावही गेलं. त्याचा टॉवेल तारेवर होता, चप्पल दारात होती, पण नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. जानराव तर 'अ'सुद्धा उच्चारत नसे. येणारेजाणारे बोलत, तेही 'तो', 'तुमचा पोरगा', 'झालं ते झालं'. जन्माच्या वेळी बारा जणांनी भांडून ठेवलेलं नाव, आणि आता घ्यायला एक माणूस नाही.

सप्टेंबरात ती त्याची मूळ कागदपत्रं आणायला कॉलेजात गेली. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स द्या. नाव कमी करतो, मग कागद मिळतील."

दाखला पर्समध्येच होता. तिने चेन ओढली. तेवढ्यात समोरच्या वर्गातून हजेरीचा आवाज आला. चोवीस, पंचवीस, सव्वीस. मग, "सत्तावीस, अश्वजित पडघान."

आणि मागच्या बाकावरून कोणीतरी जाड आवाजात म्हणालं, "यस सर!"

बेबीताईने चेन परत लावली.

"दाखला नाई आनला साहेब," ती म्हणाली. "मंग आनतो." आणि दोन पावलं जाऊन परत फिरली. "अॅडमिशन चालू हायेत का अजून?"

"कोणाची करायचीय?"

"माही."

क्लार्कने चष्म्यावरून तिला पाहिलं. मग बारावीची मार्कशीट पाहिली, ती तीसेक वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत राहून पिवळी झाली होती. नियमात कुठेच अडत नव्हतं, याचं त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तशी सगळी पोरं उभी राहिली. "बसा गा," ती म्हणाली, "मीबी बसतो." आणि पहिल्या बाकावर बसली. वर्ग हसला. तिचा नंबर त्रेसष्ट.

पंधरा वर्षं अंगणवाडीत डोकी मोजलेली बाई. हजेरीत सत्तर, वर्गात एकेचाळीस आणि ऐकणारे अकरा, हा हिशेब तिला पहिल्या दहा मिनिटांत लागला. जाड आवाजाचा माणूसही त्याच दहा मिनिटांत सापडला. मिसरूड फुटू की नको अशा विचारातलं एक वाळकं पोरगं, सव्वीस नंबर, अनुप. सव्विसाला बारीक आवाजात 'यस सर', सत्ताविसाला मान खाली घालून जाड आवाजात 'यस सर'.

तास संपल्यावर तिने त्याला सायकल स्टँडपाशी गाठलं.

"तूच ना बे तो?"

अनुपचा चेहरा पडला. बारावीपासून तो अश्वजितचा दोस्त. रिठद गावचा. अंत्यविधीला आला होता, तेव्हा त्याला उभं राहायला दोघांनी धरलं होतं.

"काकू, सरले सांगू नोका. पहिल्या दिशी चुकून निंगालं तोंडातून. त्याची बस लेट होये ना, तं मीच म्हनत जाओ त्याच्या नावानं. सवय होती. दुसऱ्या दिशी म्हनलं, आज चूप बसलो तं सर अॅबसेंट टाकतीन त्याले." त्याने नाक पुसलं. "तो तं कधी अॅबसेंट राहे नाई."

"मले नोको शिकवू. बारावीत अर्ध्या दांड्या मारल्या त्यानं."

अनुप हसला. तीही हसली.

जाता जाता ती म्हणाली, "आवाज थोडा खालून काढत जाय. त्याचा आवाज घोगरा होता, तू तं बैलासारखा हंबरून राह्यला."

तिथून पुढे अनुपचा आवाज सुधारत गेला. ऑक्टोबरात तर एक-दोनदा असा लागला, की बेबीताईने बाकाची कड धरून ठेवली.

त्या एका नावासाठी ती पहाटे भाकरी टाकून पावणेसातची बस धरायची आणि साडेअकराच्या आत अनसिंगला परत यायची. तोवर भागिरथा पोरांना गाणी म्हणायला बसवून ठेवायची. सरांनी नाव घ्यायचं, तिने ते ऐकायचं आणि मागून उत्तर यायचं. मग पुढचे नंबर तिच्या कानावरून निघून जायचे. अठ्ठावीस, तीस, चाळीस. त्रेसष्ट यायचा तेव्हा ती मनाने वर्गात नसायचीच. सर एकदा नाव घ्यायचे, उत्तर आलं नाही की पुढे जायचे. मान वर करून पाहायची त्यांना सवय नव्हती.

सर म्हणजे हेमसिंग राठोड. तासिका तत्त्वावरचे, तिशीचे, ऑगस्टअखेर लागलेले. दोन कॉलेजांत शिकवायचे, त्यामुळे त्यांना चेहरे कमी आणि नंबर जास्त पाठ. माणूस मात्र उमदा. पोरांनी यावं म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. सत्र संपताना कमी हजेरीवाल्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि ज्याची पूर्ण हजेरी असेल त्याला स्वतःच्या खिशातून एक पेन.

डिसेंबरातल्या त्या सकाळी त्यांनी हजेरी घेतली आणि फळ्यावर कमी हजेरीवाली नावं लिहिली. त्यात चौथं नाव बेबी जानराव पडघान. पहिल्या बाकावर रोज बसणारी बाई गैरहजर! वर्ग खिदळला.

"आता पूर्ण हजेरी," सर म्हणाले. "आख्ख्या वर्गात एकच आहे. एक दिवस चुकला नाही. अश्वजित पडघान, उभा राहा रे."

कोणी उभं राहिलं नाही.

"अरे, लाजतोस काय? आत्ता तर यस सर म्हणालास."

बेबीताईने मागे पाहिलं. अनुपने दोन्ही हात बाकावर टेकले होते. तो उठत होता. उठला की सगळं तोंडातून निघणार, हे तिला दिसलं. खोटं बोलणं त्या पोराला आवाजापुरतंच जमत होतं. आणि मग हे पोरगं प्राचार्यांपुढे उभं राहील.

ती त्याच्या आधी उठली.

"सर, तो माहा पोरगा हाय."

"अरे वा!" सरांचा चेहरा उजळला. "मायलेक एकाच वर्गात! ऐकलं का रे? आईची हजेरी कमी आणि पोराची पूर्ण. टाळ्या वाजवा!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. कोणीतरी शिट्टीही मारली. तीन महिन्यांत बेबीताईने पुष्कळ सोसलं होतं, पण त्या टाळ्या संपता संपेनात.

टाळ्या थांबल्यावर तिने पर्सची चेन ओढली, दाखला काढला आणि टेबलावर ठेवला.

सरांनी वाचला. तारखेवर बोट ठेवून परत वाचला. मग हजेरीपट उघडला. सत्तावीस नंबरच्या ओळीत सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, सगळे रकाने भरलेले होते. सगळीकडे हजर.

"मग हे..." त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. "हजेरी कोण देत होतं?"

"मीच."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकांकडे पाहिलं. तिथे एक पोरगं दोन्ही हातांत डोकं धरून बसलं होतं. हेमसिंग सरांना चेहरे ओळखता येत नसतील, पण बाईचा आवाज आणि बाप्याचा आवाज कळत होता. बराच वेळ त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं, लावलं. मग त्या नावावर टोक टेकवून ते गिरगटायला लागले.

"असं नोका करू सर," बेबीताई पुढे झाली. "द्या इकडं."

पट तिने स्वतःकडे फिरवला. "आमच्या रजिस्टरात नाव गिरगटून काढत नाईत. एक रेघ मारायची आन् बाजूले तारीख टाकायची. नाव वाचता आलं पाह्यजे."

कोणीतरी पट्टी दिली. तिने 'अश्वजित जानराव पडघान' यावर एक सरळ रेघ मारली. हात हलला नाही, अंगणवाडीतल्या बाईचा हात होता तो. पुढे तारीख घातली. मागचे हजरचे रकाने तिने तसेच ठेवले.

"हे राहू द्याल ना?" तिने विचारलं.

सरांनी मान डोलावली.

संध्याकाळी जेवताना ती जानरावला म्हणाली, "आज अश्वजितचं नाव कमी केलं कालेजातून."

चार महिन्यांत घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. जानरावचा घास हातातच राहिला. त्याने तो ताटात ठेवला, तांब्या उचलला आणि हात धुवायला बाहेर गेला. बराच वेळ बाहेर पाणी पडत राहिलं.

सकाळी ती उठलीच नाही. आता जायचं कशाला? साडेसहाला अंगणात गाडीला किक मारल्याचा आवाज आला. जानराव दाराशी येऊन म्हणाला, "चाल, बस जाईन." मग गाडीकडे वळून, "तथी तरी कोनी घेत होतं ना त्याचं नाव." त्याला त्या कॉलेजाचं सगळं माहीत होतं की काहीच नाही, हे तिला कळलं नाही.

वर्गात सरांनी पट उघडला. पंचवीस. सव्वीस, अनुप. बारीक आवाज आला, "यस सर."

सरांचं बोट एका ओळीवर थांबलं. दोन श्वास गेले असतील. मग ते बोट खाली सरकलं.

"अठ्ठावीस."

बेबीताई त्या दोन श्वासांतच बसून राहिली. एकोणतीस गेला, चाळीस गेला, पन्नास गेला. पडक्या विहिरीत दगड टाकावा आणि आवाज यायची वाट पाहावी, तशी ती बसली होती.

"त्रेसष्ट. बेबी पडघान."

तिला ऐकू आलं नाही. आणि सरांची पेन्सिल गैरहजरच्या खुणेवर टेकणार, तोच मागच्या बाकावरून घोगरा, खालून काढलेला, अगदी बरोबर लागलेला आवाज आला,

"यस सर."

या वेळी वर्ग हसला नाही.