खांबावरचं घड्याळ

टोळीत घड्याळ एकाच्याच हातात असायचं, हा त्या लोकांचा जुना नियम होता. शिंपले वेचायला सात जणं चिखलात उतरायची, पण वेळ बघायचा आणि सांगायचा अधिकार एकाचाच. सगळ्यांकडे घड्याळं असली की वाद होतात, माझ्यात दोन मिनिटं कमी, तुझ्यात तीन जास्त, आणि समुद्र काही कोणाचं भांडण मिटायची वाट बघत थांबत नाही. मोबाईलचं तर नावच नको. खाऱ्या चिखलाने टोळीतले चार मोबाईल आधीच गिळले होते.

ओहोटी लागली की समुद्र दूरवर मागे सरायचा आणि काळा, सपाट, पोटरीभर चिखल उघडा पडायचा. शिंपले त्या चिखलात. किनारा आणि चिखल यांच्या मधून एक खोल चर गेला होता, तो ओहोटीला चालत ओलांडता यायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं की भरतीचं पाणी समोरून येतं. तसं नसतं. ते आधी पाठीमागून येतं, चरातून, आवाज न करता. चर भरला की परतायची वाट बंद, आणि पुढे समुद्र आहेच. म्हणून घड्याळाला एवढा मान. ते चुकलं तर माणसं बुडणार, इतकी साधी गोष्ट होती.

घड्याळ थोरलीकडे होतं. आधी ते तिच्या वडिलांकडे असायचं. ते गेल्यावर टोळीने तिच्या हातात बांधलं, कारण ती हसायची कमी आणि विसरायची त्याहून कमी. तिची बहीण धाकटी बारा वर्षांनी लहान, त्याच टोळीत, आणि तिच्या तोंडाची टकळी भरती-ओहोटी दोन्हीला चालू. थोरलीने तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्यामुळे रागवायचा हक्क तिचा आणि उलट उत्तर द्यायचा हक्क धाकटीचा, अशी घरातली वाटणी होती.

त्या वर्षात टोळीची तीन घड्याळं मेली. एकाच्या काचेत वाफ धरली, एकाची चावी उडाली. तिसरं तर काम चालू असतानाच बंद पडलं. टोळीतला सगळ्यात म्हातारा, ज्याला सगळे कप्तान म्हणत, म्हणाला, "मघापासून सव्वादहाच कसे गं पोरी?" थोरलीने घड्याळ कानाला लावलं, टिकटिक नव्हती. त्या दिवशी सातही जणं छातीभर पाण्यातून चर ओलांडून आली, जीव मुठीत धरून. कप्तान आयुष्यात कधी जहाजावर चढला नव्हता, नुसती टोपी होती त्याच्याकडे, पण त्या दिवशी त्याचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं. आता एकच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं. सगळ्यांनी आपापला वाटा दिला आणि निवड थोरलीवर सोपवली.

दोघी बहिणी दुकानात गेल्या. दुकानदाराने आधी कातडी पट्ट्याचं एक देखणं घड्याळ पुढे केलं.

"हे कुजेल," थोरली म्हणाली.

मग साखळीचं आलं. तिने साखळीच्या कड्यांमध्ये नख घालून पाहिलं. "यात रेती अडकणार. दुसरं दाखवा."

"पोहायला जाता का तुम्ही?" दुकानदाराने विचारलं.

"छे हो, लोळायला जातो," धाकटी म्हणाली. "चिखलात. रोज."

दुकानदाराला ते खरं वाटलं नाही, पण त्याला आता चेव आला. त्याने आतल्या कपाटातून माल काढला. एकात होकायंत्र होतं, पावलं मोजायची सोय होती, नऊ बटणं होती. थोरलीने पिशवीतून शिंपले वेचायचा जाड हातमोजा काढून घातला आणि एक बटण दाबून पाहिलं, तर तीन बटणं एकदम दाबली गेली आणि घड्याळ केकाटायला लागलं. ते बंद करताना दुकानदाराला घाम फुटला. धाकटी खो खो हसत होती.

शेवटी एक निघालं. जाड, ओबडधोबड, रबरी पट्ट्याचं. चावी स्क्रूसारखी पिळून बंद व्हायची. काटे एवढे ठसठशीत की डोळ्यांत खारं पाणी गेलं तरी दिसावेत. काचेभोवती एक फिरणारं कडं होतं, त्यावर लाल खूण. ती खूण परतायच्या वेळेवर आणून ठेवायची, तासकाटा तिथे पोचला की निघायचं, डोकं चालवायचं कामच नाही. दुकानदाराने ते कौतुकाने उचललं आणि दाणकन फरशीवर आपटलं. थोरली दचकून खाली वाकली. घड्याळाला काही झालं नव्हतं.

"शंभर मीटर पाण्याखाली चालेल," तो म्हणाला.

"शंभर मीटर खाली गेल्यावर वेळ बघणार कोण?" धाकटी म्हणाली. थोरलीने तिला कोपर मारलं.

घड्याळ घेतलं. आणि इथपर्यंत सगळं शहाणपणाचं झालं होतं.

आता ज्यांच्या घरात नवी चादर पाहुणे येईपर्यंत पलंगाखाली राहते, पाहुणे आल्यावर डाग पडेल म्हणून राहते आणि शेवटी घडीवर विरते, त्यांनाच पुढचं कळेल. थोरलीचं घर तसलंच होतं. आईने जपायला शिकवलं होतं, दोघी जपायला शिकल्या होत्या. पहिल्याच दिवशी एका शिंपल्याची धार घड्याळाच्या कड्याला लागली आणि केसाएवढा ओरखडा उठला. थोरली घरी येईपर्यंत त्यावरून अंगठा फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने घड्याळावर प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवीला आतून घाम येऊन काटे दिसेनात.

मग तिने तोडगा काढला. चिखलाच्या एका टोकाला जुना लाकडी खांब होता, त्याला सगळ्यांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या असत. काम सुरू झालं की ती घड्याळ काढायची, फडक्यात गुंडाळायची, डब्याच्या पिशवीत ठेवायची आणि अधूनमधून चिखल तुडवत खांबापाशी जाऊन बघून यायची.

"चिखलासाठी घेतलं आणि चिखलालाच दाखवत नाही ही," धाकटी म्हणायची.

पण बाकीच्यांना ते पटलं होतं. बरं करतेस, म्हणाले. एवढं चांगलं घड्याळ पुन्हा कुठून आणणार आपण? कप्ताननेही मान डोलावली. दीड महिना ते घड्याळ तळहाताच्या फोडासारखं जपलं गेलं, आणि दीड महिना काहीही बिघडलं नाही. हेच वाईट झालं.

त्या दिवशी उधाणाची भरती होती, म्हणजे पाणी लवकर आणि जोरात येणार. परतायची वेळ साडेनऊ. लाल खूण लावून थोरलीने घड्याळ पिशवीत ठेवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी ती एकदा बघून आली. त्यानंतर शिंपल्यांचा असा पट्टा लागला की गेल्या कित्येक महिन्यांत लागला नव्हता. हात घालावा तिथे शिंपले. वाकलेली माणसं वाकलेलीच पुढे सरकत राहिली आणि खांब मागे राहिला. मग धुकं आलं. आधी खांब गेला, मग किनारा गेला, मग शेजारचं माणूसही नुसतं सावलीएवढं उरलं.

"किती वाजले असतील?" कोणीतरी विचारलं.

"पावणेनऊ," थोरली म्हणाली. "पाऊण तास आहे अजून."

तिने हे इतक्या ठामपणे सांगितलं की तिला स्वतःलाही खरं वाटलं. पोतं अर्धं भरलं होतं. थोड्या वेळाने मात्र तिने खांब होता त्या बाजूला पाहिलं, तिथे नुसतं धुकं होतं. तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि हाक मारली.

"धाकटे, पळत जा गं. घड्याळ घेऊन ये."

स्वतः का गेली नाही? पाठ दुखत होती, पोतं तिथेच होतं आणि धाकटीचे पाय हलके होते. घरात पाणी आणायला, दार लावायला, दिवा घालवायला धाकटीलाच हाक जायची. तशीच ती इथेही गेली.

"नीट आण," थोरली म्हणाली. "आपटू नकोस कुठे."

"हो गं ताई, बाळाला कडेवर घेऊन येते," धाकटी म्हणाली आणि धुक्यात शिरली.

पाच मिनिटंही झाली नसतील. कप्तान एकदम ताठ उभा राहिला आणि स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचत होतं आणि ते किनाऱ्याच्या बाजूने येत होतं.

"पाणी वळलं," तो म्हणाला. "पोती टाका. निघा."

थोरलीने बहिणीला हाक मारली. सगळ्यांनी मारली. धुक्यात आवाजाला दिशा नसते, तो सगळीकडून येतो आणि कुठूनच येत नाही. मग उत्तर आलं. आवाज लांब होता, पण स्पष्ट होता.

"ताई! पावणेदहा झालेत!"

ज्या कामाला पाठवलं होतं ते तिने चोख केलं होतं. वेळ सांगितली होती.

"इकडे ये! आवाजाच्या रोखाने ये!" थोरली ओरडत राहिली. आणखी एकदा "पावणेदहा" ऐकू आलं, या वेळी डावीकडून, किंवा उजवीकडून. त्यानंतर "ताई" एवढंच. कप्तानने आणि दुसऱ्या एकाने थोरलीला दंडाला धरून चरात ओढलं. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. ती त्यांना चावली, लाथा मारल्या, तरी त्यांनी सोडली नाही. सहा जणं किनाऱ्याला लागली.

धाकटी तिसऱ्या दिवशी चराच्या तोंडाशी सापडली. घड्याळ तिच्या मनगटावर होतं. तिने ते फडक्यातून काढून पट्टा लावून घातलं होतं, कारण घड्याळ हातात घालायचं असतं एवढं तिला कळत होतं. चौकीतल्या शिपायाने ते पाकिटात घालून दिलं. घड्याळ चालू होतं, वेळ बरोबर दाखवत होतं, काचेवर चराही नव्हता.

थोरलीला शिक्षा हवी होती. ती टोळीतल्या एकेकाच्या घरी गेली आणि दारातच उभी राहून सांगत सुटली, की घड्याळ माझ्या हातात असायला हवं होतं, मी ते काढून ठेवलं, मी अंदाजाने वेळ सांगितली, मी तिला पाठवलं. कोणीतरी थोबाडीत मारावी, कोणीतरी थुंकावं, एवढीच तिची अपेक्षा होती. तिला सगळीकडे पाणी विचारलं गेलं. "नवीन होतं गं," सगळे म्हणाले. "कोणीही जपलंच असतं." कप्तान तर तिच्यासमोर रडला. आम्हीच तर बरं करतेस म्हणालो, म्हणाला.

सगळ्यात शेवटी तिने आईला सांगितलं. आई भिंतीला पाठ लावून बसली होती.

"आई, मी घड्याळ जपलं आणि तिला पाठवलं."

आई म्हणाली, "मीच शिकवलं तुम्हाला जपायला." तिचा आवाज अगदी रोजचा होता. थोरलीला वाटलं, हिने मला शाप दिला असता तर मी निदान तो घेऊन कुठेतरी जाऊन पडले असते. आता जायला जागाच राहिली नाही.

पाकिटातलं घड्याळ आईने घेतलं ते घेतलंच. मुठीत धरून झोपायची, डाव्या हाताने जेवायची. कधी ते कानाला लावायची. आईने तेवढं तरी धरावं, असं थोरलीला वाटायचं.

बारा दिवसांनी पुन्हा मोठी ओहोटी आली. त्याआधीच्या दुपारी कप्तान दारात आला, टोपी हातात घेऊन. घरोघरी चुली होत्या, बसून राहणं कोणाला परवडणारं नव्हतं. "उद्या उतरायचं म्हणतो," तो म्हणाला. "एक साधं घड्याळ आहे माझ्या मुलीकडे. ते घेऊ का?"

थोरलीने ते हातात घेऊन पाहिलं. चावी ढिली होती. काचेच्या कडेला आत्ताच ओल दिसत होती. दीड दिवस टिकलं असतं. तिला ओरडावंसं वाटलं, मला नको, आता दुसऱ्या कोणाच्या हातात बांधा. पण वेळ तिनेच ठेवायची होती, कारण घड्याळ हातातून काढायचं नसतं हे आता टोळीत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"हे नको," ती म्हणाली. "मी तेच आणते."

सकाळी ती तयार होऊन आईपुढे बसली. आई जागी होती.

"आई, घड्याळ दे. मला जायचंय."

आईने मूठ छातीशी ओढली.

"सहा माणसं आहेत आई. दे."

"खराब होईल ते," आई म्हणाली.

"होऊ दे."

आईची मूठ उघडेना. थोरलीने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट उलगडायला सुरुवात केली. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. म्हातारी बोटं, पण त्यांत कुठून एवढं बळ आलं होतं कोण जाणे. एक उघडावं तर दुसरं मिटायचं. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"तिला परत तिकडे नेऊ नकोस गं," आई म्हणाली.

थोरलीने शेवटचं बोट सोडवलं. घड्याळ उबदार झालं होतं. तिने ते मनगटावर चढवलं, पट्टा कातडीत रुतेपर्यंत आवळला आणि उठली. बाहेर टोळी उभी होती.

"किती वाजले?" कप्तानने विचारलं.

"पाच चाळीस," ती म्हणाली, आणि तिच्या मागे आईने रिकामी मूठ पुन्हा मिटून घेतली.