गुहागरला नेलेलं दावं

गाडी कराडला डावीकडं वळेपर्यंत स्नेहलनं पिशवी तीनदा तपासली होती. उलटीच्या गोळ्या, मीठ-साखरेची पुडी, तेजूचे दोन जादा फ्रॉक, टॉवेल, चिकटपट्टी. शिट्टी घरातनं निघतानाच तेजूच्या गळ्यात घातली होती. पोरीच्या डाव्या दंडावर तिनं निळ्या पेनानं आपला मोबाईल नंबर लिहिला होता, आणि घामानं पुसला तर म्हणून उजव्या दंडावरही.

"वैनी, पोरीला समुद्रावर न्यायलाय का कुंभमेळ्याला?" उदयसिंह आरशातनं बघत म्हणाला. तो तिचा चुलत दीर. गाडी त्याची, आणि दोन दिवस ती चालवायची ती निव्वळ चुलतीच्या, म्हणजे स्नेहलच्या सासूच्या, शब्दाखातर.

"गर्दी असली तर, भाऊजी?"

"गर्दी नको म्हणून तर गुहागर धरलं न्हवं? तिथं माणसांपेक्षा नारळ जास्त हायत म्हणं."

ते खरं होतं. मालवण नको, गणपतीपुळं नको, असं चिमणाबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "पुळ्याला पाय ठेवला की गावातलं कोणतरी 'काय ओ मावशी, इकडं कुठं' म्हणून म्होरं येतंय. मला कुणाचं तोंड नको." म्हणून मग उत्तरेकडं, कराडवरनं कुंभार्ली घाट उतरून, जिथं कोल्हापूर पासिंगची गाडी सहसा दिसत नाही तिथं.

चिमणाबाई, स्नेहलची सासू, मागं खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत म्हशीचं एक दावं.

दाव्याची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. एकोणीस सालच्या महापुरात, नागपंचमीच्या सुमाराला, पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं. चिमणाबाईंच्या मुलानं, विश्वजितनं, आई, बायको आणि दीड वर्षाची तेजू यांना नावेतनं वरच्या शाळेत पोचवलं. दोन म्हशी आणून शाळेच्या व्हरांड्याला बांधल्या आणि तिसरीसाठी परत गेला. जाताना "आलोच" म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हैस आली, एकटीच, गळ्यात तुटकं दावं घेऊन. दुसरं टोक त्याच्या हातात असणार. कुठं तुटलं ते बघायला तिथं कुणी नव्हतं. पाणी उतरल्यावर भावकीतली माणसं नरसोबाच्या वाडीपर्यंत गेली, पुढं कर्नाटकात अलमट्टीपर्यंत जाऊन आली. हाती काही लागलं नाही.

ती म्हैस अजून दूध देत होती. दावं चिमणाबाईंनी खुंटीला टांगलं, आणि दर बेंदराला, जनावरांच्या सणाला, त्याला तेल लावत आल्या.

हाती लागलं नाही म्हणजे गेला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. भटजींनी सुचवलं होतं, पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो. त्यावर चिमणाबाई म्हणाल्या, "पानाचा पोरगा करून जाळू व्हय? मी हाडामासाचा केलता." भटजी पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

आणि स्नेहल? तिचं सगळं अर्धं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया बोटावर कुंकू घेऊन तिच्यापाशी आल्या की क्षणभर थांबत. तेवढा एक क्षण ती सात वर्षं मोजत आली होती. ती बीएस्सी झालेली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मालाची तपासणी बघायची. कास्टिंगमधली केसाएवढी चीर तिच्या नजरेतनं सुटत नसे. पण कुठल्याही फॉर्मवर नवऱ्याच्या रकान्यापाशी आली की तिचं पेन अडायचं. वकिलानं सांगितलं होतं, ऑगस्टात सात वर्षं पुरी होतायत, मग कोर्ट माणसाला गेलेला धरतं. त्याच्या आईनं तसं लिहून दिलं तर काम सोपं होईल. तो कागद करून आणला त्याला दोन महिने झाले. चिमणाबाईंनी त्याला हातही लावला नव्हता.

मग महाशिवरात्रीला, उपासाची भगर निवडता निवडता, त्या आपण होऊन बोलल्या. "नदी शेवटाला समुद्रालाच मिळती. मला एकदा समुद्र दाव. तिथं त्याचं दावं सोडते, आन तुझ्या कागदावर सही करते."

पंचगंगा कुठं जाते हे स्नेहलला शाळेपासून ठाऊक होतं. सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण चिमणाबाईंचा हात भगरीत थांबला होता, आणि तो हात सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सोडायला तयार झाला होता. स्नेहलनं तोंड मिटलं आणि उदयसिंहाला फोन लावला.

तो कागद आता पिशवीच्या तळाशी, गोळ्यांच्या खाली होता. सोबत दोन पेनं. एक नाही चाललं तर म्हणून.

रंगपंचमी होऊन आठवडाच झाला होता. तेजूच्या कानामागं अजून जांभळा रंग होता. घाटात पांगारा नुसता पेटला होता. पोरगी खिडकीला नाक लावून परीक्षेसाठी नद्यांची नावं पाठ करत होती, "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती…"

"आगं, डोंगराकडं बघ की," चिमणाबाई म्हणाल्या.

"बाई नकाशा भरायला देणार आहेत, आजी. पूर्ण जिल्हा."

"भर मग."

स्नेहलनं ते ऐकलं. पण त्या वेळी ती वळणं मोजत होती, आणि पुढची गोळी किती वाजता द्यायची ते.

गुहागरात उतरायची सोय शालूबाई नावाच्या बाईंच्या घरी होती. पोफळीच्या वाडीत चार खोल्या, मागं सुरूचं बन, आणि बनापलीकडं तो आवाज. चिमणाबाई अंगणात उभ्या राहून ऐकत राहिल्या. महापूर असा सतत आवाज करत नाही. महापूर मुकाट येतो.

शालूबाईंनी वही पुढं केली. कुटुंबप्रमुखाचं नाव, पत्ता, माणसं किती. स्नेहलनं एका डोळ्यानं तेजूकडं बघत, ती विहिरीच्या कठड्याशी तर जात नाही ना हे बघत, भराभर लिहिलं आणि वही परत दिली.

थोड्या वेळानं शालूबाई चहा घेऊन आल्या. उदयसिंहाच्या पुढं कप ठेवत म्हणाल्या, "घ्या हो विश्वजितराव. साखर बेताची घातलीय."

उदयसिंहाचा हात तसाच राहिला. चिमणाबाईंनी मान वर केली.

"हे भाऊजी आहेत," स्नेहल कशीबशी म्हणाली.

"अगोबाई, वहीत नाव वाचलं म्हणून म्हटलं. मग विश्वजितराव?"

चिमणाबाईच म्हणाल्या, "यील मागनं." आणि बशीत चहा ओतला.

सकाळी ओहोटी होती. किनारा एवढा लांबरुंद पसरला होता की एवढ्या मोकळ्या जागेत पोरगीवर नजर तरी कुठवर ठेवायची ते स्नेहलला कळेना. तिनं तेजूला घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही अशी शपथ घातली आणि तरीही तिचा फ्रॉक मागनं धरून ठेवला. हवा गार होती. दूर होड्या परतत होत्या. असं देखणं पाणी तिनं आधी बघितलं नव्हतं, आणि ते देखणं आहे याचा तिला राग येत होता.

चिमणाबाईंनी चपला वाळूत काढल्या, डोक्यावर पदर घेतला. नारळ, हळदकुंकू, केळीच्या पानावर दहीभात. विश्वजितला आवडायची म्हणून लसणाची चटणीही घरनं आणली होती. सगळं मांडून झाल्यावर त्यांनी दावं काढलं. सहा बेंदरांचं तेल प्यालेलं, काळं, मऊ.

"इश्वा," त्या पाण्याला म्हणाल्या, "म्हस पोचली रं. दूध बी देती." मग त्यांनी दाव्याचं एक टोक पाण्यात सोडलं. दुसरं हातात होतं.

लाट आली, टोक घेऊन गेली, दावं ताणलं गेलं. पिशवीतला कागद स्नेहलला इथूनही जाणवत होता. आता सुटलं, आता.

"आजी, हे इथं कशाला?" तेजूनं विचारलं.

"तुझ्या बाबाला, बाळ. नदीतनं हितं आला असंल न्हवं त्यो."

"पण आपली नदी इकडं येतच न्हाई."

स्नेहलनं तिचा दंड धरला. उशीर झाला होता. पोरगी वाळूत बसलीसुद्धा, आणि बाईंना दाखवावं तसं बोटानं काढायला लागली. "हा समुद्र. हा सह्याद्री. हे आपण. आणि ही पंचगंगा." रेघ समुद्राकडं पाठ करून निघाली, आजीच्या पावलाला वळसा घालून लांब कोरड्या वाळूत गेली. "इथं वाडीला कृष्णा. मग कर्नाटक. मग इकडं बंगालचा उपसागर. हा समुद्र नव्हेच."

"तुला कुणी विचारलं होतं?" स्नेहलचा आवाज चिरकला. "कुणी विचारलं होतं सांग?"

"बाईंनी पाठ करायला सांगितलंय," तेजू हळूच म्हणाली. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं.

उदयसिंह पुढं झाला. "काकी, समुद्र सगळा एकच असतोय की. हितलं पाणी तिकडं, तिकडलं हिकडं."

"तुझं घर आन माझं घर एकाच गावात हाय," चिमणाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या. "म्हणून माझ्या पोराचं ताट तुझ्या दारात वाढून ठिवू?"

त्या वाळूतली ती रेघ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पाठच फिरवली की ह्या नदीनं." आणि त्यांनी दावं ओढायला सुरुवात केली. आडातनं बादली वर काढावी तसं, हातावर हात, घाई नाही काही नाही. ओलं टोक हातात आल्यावर त्यांनी ते पदरानं पुसलं आणि दाव्याची गुंडाळी करून पिशवीत घातली.

दहीभात तिथंच राहिला. कावळे नव्हते. एक कुत्रं आलं आणि खाऊन गेलं.

उदयसिंह तेजूला शिंपले वेचायला घेऊन गेला. सासू-सुना सुरूच्या सावलीत बसल्या. स्नेहलची नजर पोरगीवर होती, म्हणून चिमणाबाईंकडं बघावं लागत नव्हतं.

"तुला ठावं हुतं?"

"होय, आत्ती."

"आन तरी आणलंस."

"तुम्ही सोडाल म्हणून."

"सोडलं असतं," चिमणाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच स्नेहलला सोसवेना. "पोरगी बोलली नसती तर सुटलंच हुतं हातातनं. आता जाग्याचं चुकलंय म्हणल्यावर कसं सोडू? त्यो तिकडं वाट बघत बसायचा आन मी हितं सोडून जायाची."

स्नेहलनं पिशवी जवळ ओढली. गोळ्या बाजूला केल्या. कागदाच्या कडेला तिचं बोट लागलं. सही मागायची असली तर हीच वेळ होती. आत्ती, एवढी सही करा, मला पुढं जाऊ द्या. वाक्य तयार होतं, गेले दोन महिने ती ते मनात घोकत होती.

"काल वहीत कुणाचं नाव लिवलंस?" चिमणाबाईंनी विचारलं.

स्नेहलला आठवावंही लागलं नाही. विश्वजित आकाराम चौगले. कुठं अडखळणं नाही, खाडाखोड नाही. कारखान्यातल्या फॉर्मवर सात वर्षं अडणारं पेन इथं, जिथं त्याला सोडायलाच ती आली होती, तिथं अडलं नव्हतं. आणि शालूबाईंनी ते नाव मोठ्यानं घेतल्यावर तिनंही दाराकडं बघितलं होतं. क्षणभरच.

तिनं पिशवीची चेन लावली.

"मी कुठं तुला बोल लावतीय," चिमणाबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. रडताना स्नेहल तेजूवरची नजर काढत नव्हती, पण तिला पोरगी दिसत नव्हती. नुसता पिवळा फ्रॉक, आणि त्यामागं पाणी.

दुपारी निघाले. घाट चढताना तेजूला उलटी झाली. गोळी द्यायची स्नेहल विसरली होती.

उदयसिंहानं गाडी बाजूला घेतली. चिमणाबाईंनी पोरीचं कपाळ धरलं, चूळ भरायला लावली, पदरानं तोंड पुसलं. दंडावरचा नंबर खाऱ्या पाण्यानं पुसून निळा डाग तेवढा राहिला होता.

"आजी, मी चुकीचं सांगितलं काय?"

"न्हाई ग. बरोबर सांगितलंस. पैकीच्या पैकी मार्क मिळतील तुला." मग त्यांनी विचारलं, "त्यो तुझा बंगालचा समुद्र. लांब हाय?"

"लई लांब. नकाशात दुसऱ्या टोकाला."

चिमणाबाईंनी मान हलवली. घाटाखाली कोकण धुरकट दिसत होतं, आणि त्याच्या कडेला पाण्याची एक चमक, दिसली तर दिसली अशी.

"रेल्वेनं जावं लागंल मग," त्या स्नेहलला म्हणाल्या. "येशील का?"

ओल्या दाव्याचा खारट वास गाडीभर झाला होता. स्नेहलनं खिडकी उघडायला हात नेला आणि तसाच परत घेतला.

"मेच्या सुट्टीत नको, आत्ती. तिकडं ऊन फार असतं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी, याच दिवसांत जाऊ."