काचेला भोक

माझे सासरे अप्पा हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आमच्या दुकानात आयुष्यभर बायकांना बांगड्या भरत आले. कितीही जाड हाताची बाई येऊ दे, अप्पांच्या हातून बांगडी वाढायची नाही. कासाराच्या घरात काच फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या, बाळकृष्णांच्या हातून मात्र धडाधड वाढायच्या. "धसमुसळ्या!" म्हणून अप्पांनी त्यांना गिऱ्हाइकाचा हात धरायची कायमची बंदी केली होती. मिशा पिकल्या तरी हे आपले कोपऱ्यात रिबिनी आणि टिकल्या विकत बसलेले. त्यांना त्याचा राग यायचा नाही, म्हणून मला दुप्पट यायचा.

चौऱ्याऐंशी साली अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ताट समोर आलं की तोंड घट्ट मिटून घ्यायचे. देशपांडे नगरातले डॉक्टर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "जेवले नाहीत तर माझं औषध काय करणार?" मग बाळकृष्णांनी एक मोठी काचेची पेटी आणि सोनेरी मासे आणले. अप्पा बघत राहिले. बघता बघता त्यांचं तोंड किंचित उघडलं आणि मी पेजेचा चमचा आत सारला. तेव्हापासून पेटीसमोर खुर्ची आणि खुर्चीतच जेवण.

पण हुबळीचा नळ! त्याला पाणी कधी येईल ते त्यालाच ठाऊक. माणसांच्या आंघोळीची मारामार, तिथं माशांना रोज नवं पाणी कुठून घालणार? पेटी हिरवी पडायची, एखादा मासा उलटा तरंगायचा आणि त्या दिवशी अप्पांचं तोंड पुन्हा मिटायचं. शेवटी तीनच मासे राहिले. मला तर वाटायचं, आता अप्पाही त्या तिघांच्याच भरवशावर आहेत.

मासे विकणाऱ्या पद्मनाभांनी उपाय सांगितला. पेटीच्या वरच्या कडेला भोक पाडायचं, तिथून पाणी खालच्या टाकीत सोडायचं आणि वाळूतून गाळून पंपानं परत वर चढवायचं. पाणी जास्त, घाण कमी.

"भोक मी पाडतो," बाळकृष्ण म्हणाले.

अप्पांनी डावा हात खुर्चीवर आपटला. खरं सांगायचं तर मलाही अप्पांचं पटलं. ही पेटी वाढली तर दुसरी कुठून आणायची?

रविवारी दुकान बंद ठेवलं. मासे काढून ठेवायला बाळकृष्णांनी पेटीतल्याच पाण्यानं प्लास्टिकची बादली भरली. अप्पांना प्लास्टिकचा भारी तिटकारा. प्लास्टिकच्या बांगड्यांनी आमचा धंदा खाल्ला होता ना! त्यांनी डाव्या पायानं बादली लवंडली आणि तांब्याच्या घंगाळाकडे बोट केलं. सासूबाईंच्या माहेरचं घंगाळ, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. त्यात नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. अप्पांनी समाधानानं मान हलवली.

पेटी गादीवर आडवी झाली. मी कणकेचं आळं करून काचेवर चिकटवलं, त्यात रॉकेल आणि काच घासणारी कुरुंदाची पूड. बाळकृष्णांनी हातड्रिलला पितळी नळी लावली आणि फिरवायला सुरुवात केली. हा धसमुसळा माणूस त्या दिवशी कोण झाला होता कोण जाणे! जोर नाही, घाई नाही. थोडं फिरवायचं, थांबायचं, पूड घालायची, परत फिरवायचं. करकर आवाजानं माझे दात आंबले. अप्पा डोळे वटारून बघत होते. दुपारी बघता बघता त्यांना खुर्चीतच झोप लागली आणि नेमकी तेव्हाच नळी आरपार गेली. रुपयाएवढी काचेची चकती बाळकृष्णांच्या तळहातावर पडली. पेटीला तडा नाही, भोकाच्या कडेला टवका नाही. मी आनंदानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

मग मी मासे बघायला गेले. तिन्ही उलटे.

पद्मनाभ पंप घेऊन आले तेव्हा आम्ही दोघं घंगाळाशी बसलो होतो. ते दारातच थांबले. "अय्यो! तांब्यात ठेवला की काय? तांबं म्हणजे विष की हो माशाला."

आवाजानं अप्पा जागे झाले, पण शब्द त्यांच्या कानी पडले नव्हते. त्यांनी पेटीकडे बघितलं, घंगाळाकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. त्यांचं तोंड पुन्हा घट्ट मिटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाळकृष्णांनी माझं मनगट दाबलं.

"अप्पा, माझं चुकलं," ते म्हणाले. "काचेची पूड पाण्यात पडली बघा. माझ्याच हातनं झालं."

अप्पांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. डावा हात वर गेला आणि फाडकन नवऱ्याच्या गालावर बसला. घशातून आधी नुसती घरघर आली, मग शब्द.

"धस... मुस... ळ्या!"

इतक्या महिन्यांतला पहिला शब्द!

"होय अप्पा," बाळकृष्ण म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अजून म्हणा की."

अप्पांनी अजून म्हटलं. पुन्हा म्हटलं. बाळकृष्णांनी मला डोळ्यांनी खुणावलं, मी पेज आणली. रिकाम्या पेटीसमोर बसून अप्पा एक चमचा गिळायचे आणि एकदा "धसमुसळ्या" म्हणायचे. वाटी संपली.

माझा जीव नुसता जळत होता. आयुष्यात एक काम या माणसानं देवासारखं केलं आणि त्याचीच शिवी खात हा माणूस बापाचं तोंड पुसत बसला होता. ती चकती अप्पांच्या पुढ्यात आदळावी आणि ओरडून सांगावं, बघा, बघा तुमच्या मुलाचा हात! चकती माझ्या मुठीतच होती. कडेवरून बोट फिरवलं, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

पेठेत माझं तोंड प्रसिद्ध आहे. आजवर मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी मात्र मूठ मिटून स्वयंपाकघरात गेले आणि अप्पांसाठी अजून एक वाटी पेज आणली.