वाम्बोलाचे हातमोजे

"परत तडा गेला?" हेल्वेनं विचारलं.

आउनेनं बोटाभोवती गुंडाळलेला कार्बनचा काळा पापुद्रा उलगडला, तर मधोमध केसाएवढी रेघ. टार्टू शहरातल्या या प्रयोगशाळेत दोघी एकाच टेबलावर काम करत. वीज साठवणारी आणि कापडासारखी वाकणारी पट्टी त्यांना बनवायची होती. भट्टीतला कार्बन जितका सच्छिद्र, तितकी त्यात वीज जास्त मावे. पण तितकाच तो ठिसूळही होई.

"महिनाभर तरी टिकेल की," हेल्वे म्हणाली. "हातमोज्यात शिव आणि देऊन टाक बाबांना. मोडली तर दुसरी देऊ."

"आणि बर्फावर असताना मोडली तर?"

"तर हात चोळतील. आजवर काय करत आलेत?"

आउनेचे वडील वाम्बोला पेइप्सी सरोवरावर मासे धरत. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून जाळं ओढायचं आणि उघड्या हातांनी मासे सोडवायचे. बोटं पांढरीफटक पडत, रात्री ठणकत. आउनेनं एकदा बाजारातले विजेवर गरम होणारे हातमोजे आणून दिले होते. त्यांच्या मनगटावर बॅटरीचा टणक डबा होता. "हा धोंडा बांधून जाळं कसं ओढू?" म्हणत त्यांनी ते परत केले. तेव्हापासून आउनेनं हे मनावर घेतलं होतं.

रविवारी फोनवर ते विचारत, "झाली का गं माझी पट्टी?"

"होतेय, बाबा. अजून पाचच मिनिटं ऊब देते."

"पाच मिनिटं पुष्कळ झाली. तेवढ्यात जाळ्यातले दोन मासे सोडवून होतात."

"पुढच्या हिवाळ्यात देते. चांगली करून देते."

"बरं," ते म्हणत आणि बोलणं तळलेल्या माशांवर नेत.

असे किती हिवाळे गेले. शेवटी आउनेनं वेगळा पापुद्रा करायचं सोडलं. सुती कापडच भाजून त्याचा कार्बन केला आणि वाफेनं त्याला बारीक छिद्रं पाडली. यंत्रानं ती पट्टी आठवडाभर वाकवली, सरळ केली. तडा गेला नाही. हेल्वेनं केक आणला. आउनेनं हातमोजे शिवले आणि गावाची बस धरली.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत वाम्बोलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी मूठ मिटली ती मिटलीच. हे ठाऊक असूनही तिनं शिवताना दोन्ही हातांचे मोजे शिवले होते.

डावा सहज चढला. उजव्या हाताचं एकेक बोट ती हळूहळू उघडू लागली. अंगठ्याशी अडलं.

"राहू दे," ते म्हणाले. डावा हात त्यांनी वळवून पाहिला, मूठ वळली, सोडली. "मऊ आहे गं. उबदार आहे."

"बाबा, मी आधीच द्यायला हवे होते. ते पाच मिनिटांचे."

त्यांनी दातांनी मोजा ओढून काढला. "काल्यूला दे. तो अजून बर्फावर जातो. इथं शेगडीपाशी बसून मला ते कशाला?"

शेजारचा काल्यू सकाळी आला. त्यानं हातमोजे चढवले, बोटं हलवून पाहिली आणि संकोचून वाम्बोलांकडे बघितलं.

"जाळं ओढून बघ," ते म्हणाले. "मग सांग हिला."

काल्यू घसरगाडी ओढत निघाला. वाम्बोलांनी खुर्ची खिडकीशी लावून घेतली. बर्फावरचा तो ठिपका दिसेनासा झाला, तरी ते तिकडेच बघत राहिले. आउनेनं त्यांच्या मिटलेल्या मुठीवर आपला हात ठेवला. मूठ थंडगार होती.