शेवटच्या खणातली त्रेसष्ट माणसं

मी एक जुनी, बारा खणांची लाकडी पेटी आहे, आणि मी जळकुटी आहे. हे दुसरं आधीच सांगून टाकते. कारण मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसलेल्या वस्तू स्वतःबद्दल फार गोड बोलतात. फुटकी छत्री घ्या नाहीतर गंजकी सायकल, सगळ्या सोशिक आणि सगळ्या गुणी. मला ते जमणार नाही.

एका सुताराने मला घडवलं. त्याच्या आईला आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन डायलिसिस करून घ्यावं लागे. म्हणजे चार-चार तास मशीनला लावून रक्त स्वच्छ करून घ्यायचं. परत येताना अंगात त्राण नसतं. तेव्हा एका डॉक्टरांनी अशा माणसांसाठी फुकट गाडी सुरू करायचं ठरवलं आणि त्यासाठी छोटीशी संस्था काढली. सुताराने मला बनवून दिलं आणि मजुरी घेतली नाही. त्यामुळे संस्थेला मिळालेली पहिली देणगी मीच. ही गोष्ट मी कधी विसरले नाही आणि कोणाला विसरूही दिली नसती, पण मला विचारतंय कोण.

माझ्या खणांत कार्डं असत. एका देणगीदाराचं एक कार्ड. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, फोन. मागच्या बाजूला ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंच्या बारीक अक्षरात बाकीचं सगळं. ‘दुपारी फोन नको, झोपतात.’ ‘मुलाची नोकरी गेली आहे, यंदा मागू नये, नुसती चौकशी करावी.’ ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण तसं दाखवलेलं आवडत नाही.’ वर्षातून एकदा ताई प्रत्येकाला पत्र पाठवत. गाडीने किती माणसं नेली-आणली ते त्यात असे आणि खाली दोन ओळी हाताने लिहिलेल्या असत. माणसं त्या पत्राची वाट बघत आणि पत्र आलं की जमेल तेवढं देत. पाहुणे आले की डॉक्टर माझ्यावर हात ठेवून म्हणत, “आमची गाडी पेट्रोलवर नाही, या पेटीवर चालते.” मी फुगून जायची.

मग डॉक्टर गेले, आणि त्यानंतर वर्षभरात कॉम्प्युटर आला.

काय त्याचं कौतुक! माझी खिडकीजवळची जागा त्याला दिली. मला बाहेरच्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी ढकललं. ज्या पिवळ्या फडक्याने ताई रोज सकाळी मला पुसत, त्याच फडक्याने त्याचं तोंड पुसू लागल्या. अगदी हलक्या हाताने, ओरखडा यायला नको म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं त्यांची बोटं माझ्या खणांत होती. माझ्या उरावर ही सवत आणून बसवली आणि मी म्हणे समजून घ्यायचं. वर संस्थेचे खजिनदार येता-जाता म्हणत, “बघा, एका बोटावर सगळी माणसं.” ते बोळातून जाताना मी मुद्दाम करकरत असे.

माझी कार्डं कॉम्प्युटरमध्ये उतरवायला तीन आठवड्यांसाठी एक टायपिंगवाला नेमला होता. तो एकेक खण ओढायचा, रिकामा करायचा, टाइप करायचा आणि कार्डं परत कोंबायचा. अकरा खण झाले. प्रत्येक खणाबरोबर मला वाटे, हा माझी माणसं उचलून त्या कॉम्प्युटरच्या घरात नेतोय. बारावा, शेवटचा खण राहिला. हवा दमट होती आणि अशा हवेत मी फुगते. त्याने खण ओढला, दोन हिसके दिले, पाय लावून ओढला. खण हलला नाही.

तुम्ही म्हणाल, लाकूड फुगलं, त्यात तुझा काय दोष? मला माहीत आहे ना माझा दोष. जरा अंग चोरलं असतं तर खण सुटला असता. मी चोरलं नाही. दात-ओठ खाऊन तो खण आवळून धरला. म्हटलं, एवढी तरी माझी राहू देत.

टायपिंगवाल्याने इकडे-तिकडे पाहिलं, हात झटकले आणि आत जाऊन ताईंना सांगितलं, “झालं सगळं.” पैसे घेऊन गडी पसार झाला. त्या खणात त्रेसष्ट माणसं होती. मला फार आनंद झाला होता, तो लपवत नाही.

पुढे दिवस फिरले. गावातल्या मोठ्या कारखान्याची एक पाळी बंद झाली. दुकानं अर्ध्या दिवसावर आली. उद्या काय होईल, कोणालाच सांगता येईना. संस्थेला सगळ्यात जास्त मदत करणाऱ्या कंपनीने दोन ओळींचं पत्र पाठवून हात वर केले. गाडीच्या रोज दोन खेपा होत. दुसरी खेप बंद करावी लागेल असं कमिटीत निघालं. त्या खेपेत अकरा जण होते. गाडी नसती तर त्यांतले निम्मे तरी हॉस्पिटलात जायचे थांबले असते, आणि डायलिसिस थांबलं की माणूस फार दिवस काढत नाही.

“लोकांकडे मागूया,” ताई म्हणाल्या.

“अशा दिवसांत?” खजिनदार म्हणाले. “त्यांचेच वांधे झालेत. कोणत्या तोंडाने मागायचं?”

“मागू नका. नुसतं खरं काय ते कळवा. द्यायचं की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.”

पत्र गेलं. ते कॉम्प्युटरने छापलं आणि त्याच्या यादीप्रमाणे गेलं. मदत येऊ लागली, पण खेप वाचण्याइतकी येईना. माझ्या त्रेसष्टांतल्या कोणीच काही दिलं नाही. देणार कुठून? त्यांना मागच्या वर्षीचंही पत्र गेलं नव्हतं आणि हेही नाही. ताईंना वाटलं, दिवस वाईट आहेत, बरेच जण थांबले असतील. आणि मी बोळात बसून मनात म्हणत होते, पाहा तुमच्या लाडक्याची कर्तबगारी.

एका सकाळी कपडे शिवणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांच्या यजमानांना आमच्या ड्रायव्हरने दोन वर्षं हात धरून जिन्यावरून उतरवलं होतं. यजमान गेल्यावरही दर वर्षी पत्र आलं की मावशी देत असत. पाणी प्यायला त्या माझ्याजवळच थांबल्या, आणि ताई बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “एक विचारू का? रागावू नका.”

“अहो, विचारा ना मावशी.”

“माझ्या शेजारणीला तुमचं पत्र आलंय. ती देऊ लागली त्याला पाच वर्षंसुद्धा झाली नाहीत. मला मागच्या वर्षीही आलं नाही. म्हटलं, आपलं देणं एवढंसं, तिकिटाचा खर्चसुद्धा निघत नसेल. म्हणून वगळलं असेल.”

“असं कसं होईल?” ताई आत गेल्या, कॉम्प्युटरवर शोधलं, पुन्हा शोधलं आणि पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आल्या. “मावशी, तुमचं नाव यात दिसतच नाहीये.”

“म्हणजे मी नाहीच,” मावशी हळूच म्हणाल्या.

दीड वर्ष मी कॉम्प्युटरवर जळत होते. माझ्या मनात एकच, त्याने मला हाकललं. आणि मी काय केलं होतं? बिचाऱ्या मावशींना मीच हाकललं होतं. ज्यांना ‘माझी माणसं’ म्हणून मी आवळून धरलं, त्यांना मीच कोंडून ठेवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींचं कार्ड शोधायला ताई माझ्याकडे वळल्या आणि शेवटचा खण ओढू लागल्या. मला ठाऊक होतं, तो उघडला की माझं उरलंसुरलं कामही संपणार. मावशींनी पिशवीतून दोऱ्याला लावायचा मेणाचा तुकडा काढला आणि खणाच्या कडांना घासला. “आता ओढा,” म्हणाल्या. मेणाने काम झालं असं त्या दोघींना आजही वाटतं. खरं तर या वेळी मी अंग चोरलं होतं.

ताई ती कार्डं मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसल्या. मग चार दिवस त्या फोन करत होत्या. प्रत्येकाला आधी “चूक आमची आहे” म्हणायच्या, पैशाचं नावही काढायच्या नाहीत. एक जण म्हणाले, “आम्हाला वाटलं, संस्था बंद पडली.” कारखान्यातून कमी केलेला एक फिटर म्हणाला, “पैसे नाहीत हो, पण गाडीचं काम असेल तर सांगा.” आणि तो येऊन ब्रेक बदलून गेला. थोडं-थोडं करत जमलं. दुसरी खेप वाचली. अकराच्या अकरा जण गाडीत बसतात.

सगळ्यात शेवटी एक कार्ड राहिलं होतं, एका रिटायर मास्तरांचं. मागे लिहिलं होतं, ‘आपल्या पत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून, चेकबरोबर परत पाठवतात. राग मानू नये.’ ताई हसल्या आणि त्यांनी फोन लावला. मुलीने उचलला.

“बाबा गेले हो, चार महिने झाले,” ती म्हणाली. “तुमच्या पत्राची फार वाट बघायचे. मी चुका काढतो म्हणून रागावले असतील, म्हणायचे. शेवटी-शेवटी मला विचारत होते, आता चुका काढणार नाही असं कळवू का त्यांना?”

ताईंनी फोन ठेवला आणि ते कार्ड बाकीच्या कार्डांवर ठेवलं.

मित्रांनो, आता माझे बाराही खण रिकामे आहेत. कार्डांच्या मागच्या ओळीसुद्धा ताईंनी स्वतः कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. मी अजून त्याच्यावर जळते. ही खोड जायची नाही. तुम्हीही कोणावर जळत असाल तर खुशाल जळा. पण आपल्या रुसव्यापायी दुसऱ्याचा निरोप अडवून ठेवू नका. आणि ज्याला बरेच दिवस विचारलं नाही असं कोणी असेल, त्याला आजच फोन करा, काही मागायचं नसलं तरी करा. मास्तरांना ते पत्र वेळेवर गेलं असतं. मी जाऊ दिलं नाही.