भोंग्याच्या पलीकडे

"सार्डिन नको," एर्मेलिंदा म्हणाली.

"अहो आजी, आजचे मासे आहेत. मातोझिन्योशहून सकाळीच आलेत," वेटर म्हणाला.

"मीही तिथूनच आलेय, सकाळीच. सदतीस वर्षं त्यांची मुंडकी उडवलीत मी. वजडी आण, पांढऱ्या घेवड्यातली. आणि हे टेबल नको. तिथे खिडकीशी बसव मला."

"ते चौघांचं आहे हो. तुम्ही एकट्याच ना?"

"एकटी आहे म्हणून तुझ्या स्वयंपाकघराचा धूर खाऊ होय रे?"

वेटर हसला आणि त्याने खुर्ची खिडकीशी नेली. एर्मेलिंदाने पेलाभर वाइन मागवली, बशी पावाने निपटून खाल्ली आणि कॉफी सांगितली. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मुलगी, ग्रासियेत.

"आई, कुठे आहेस तू?"

"पोर्तोत."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

"मग काम काय निघालं? मला सांगायचंस ना, मी रजा काढली असती."

"काम नाही गं. फिरतेय."

"एकटी? या वयात? बाबांना जाऊन चार महिने नाही झाले, आई! लोक काय म्हणतील?"

"म्हणावं, फिरायला गेलीय."

"तू आहेस तिथेच थांब. मी येते न्यायला."

"आलीस तर बघ!" असं म्हणून तिने फोन बंदच करून टाकला. लेकीवर इतकी ओरडली म्हणून तिला जरा वाईट वाटलं, पण फोन तिने परत चालू केला नाही. आजचा एक दिवस कोणाच्याही हाकेसरशी उठायचं नाही, असं ती ठरवूनच निघाली होती.

पोर्तो तिने पाहिलंच नव्हतं असं नाही. बसने अर्ध्या तासाचं अंतर. बाळंतपणाला आली होती, पेन्शनच्या कागदांसाठी आली होती, पण काम झालं की लगेच उलट पावली परत. मासे काही घड्याळ बघून येत नाहीत. बोट बंदराला लागली की मासे डबाबंद करणाऱ्या फॅक्टरीचा भोंगा व्हायचा, वेळ कुठलीही असो, आणि बायकांनी हातातलं टाकून धावत सुटायचं. उशीर केला तर आपल्या जागी दुसरी उभी असायचीच. बंदरावर फॅक्टऱ्या ढीगभर, प्रत्येकीच्या भोंग्याचा आवाज निराळा. आपला कुठला ते बाईला झोपेतही कळायचं. एर्मेलिंदा तर स्वतःच्या लग्नाच्या जेवणावरून उठून गेली होती, डोक्यातली फुलं न काढता. भोंगा ऐकू येणार नाही इतक्या लांब राहायचंच नाही, हे तिच्या अंगातच मुरलं होतं.

पुढे फॅक्टरी बंद पडली. आता सुटलो असं वाटेपर्यंत नवऱ्याला, आबीलियुला, अर्धांगाचा झटका आला आणि त्याच्या उशाशी पितळी घंटी आली. वीस वर्षं. माणूस वाईट नव्हता बिचारा. पण घंटी वाजवायचा.

जेवण उरकून ती चर्चच्या मनोऱ्याशी आली. साऱ्या शहरात उंच मनोरा तो.

"सव्वादोनशे पायऱ्या आहेत, आजी," तिकीट देणारा म्हणाला. "लिफ्ट नाही."

"मी विचारलं का लिफ्टचं?"

जिना दगडी, अरुंद, गोल गोल फिरणारा. गुडघे बोंबलत होते. दर वळणाला भिंतीला टेकायचं, दम घ्यायचा, पुन्हा चढायचं. निम्म्याच्या वर आली असेल नसेल, खाली दोरु नदीवर कुठल्याशा बोटीने भोंगा दिला. लांब, जाड, शेवटी जरासा चिरकलेला. अगदी आपला!

एर्मेलिंदा फिरली आणि उतरायला लागली. "सरका, सरका!" म्हणत, चढणाऱ्यांना कोपरं मारत. एक हात कमरेशी एप्रनची नाडी चाचपत होता. एक बाई घाबरून भिंतीला चिकटली.

"काय झालं हो? आग लागलीय का?"

"बोट आलीय!"

"कुठली बोट?"

एर्मेलिंदा थांबली. खरंच, कुठली बोट? फॅक्टरी पाडली, तिथे इमारती उठल्या, गॅलऱ्यांमधून लोकांचे कपडे वाळतात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग असा संताप आला की कान तापले. फॅक्टरीतल्या मुकादमाचा आला, त्या मेल्या भोंग्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या पायांचा आला. इतकी वर्षं झाली आणि हे अजून त्याचंच ऐकतात!

"नाही येत, जा!" ती मोठ्याने ओरडली.

"मी कुठे बोलावलं तुम्हाला?" ती बाई पुटपुटली.

"तुला नाही गं, बाई. चल, वर चल." आणि उतरलेल्या सगळ्या पायऱ्या ती पुन्हा चढली.

वर वारा नुसता भणाणत होता. कठड्याशी पहारेकरी उभा होता.

"मातोझिन्योश कुठल्या बाजूला, बाबा?"

"ते काय, समुद्राशी. बंदराच्या क्रेन दिसतायत ना?"

"ते?" तिचा विश्वास बसेना. "इतकं जवळ?"

तिने हात लांब केला, एक डोळा मिटला आणि बोटं फाकली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळं आलं. फॅक्टरीची जागा, घर, लग्न लागलं ते चर्च, आबीलियुला पुरलं ते कबरस्तान. एकाहत्तर वर्षं एका वितीत मावली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, लपवलंही नाही. येणारे-जाणारे बघेनात का.

"आजी, चला आता," पहारेकरी जरा वेळाने म्हणाला. "मागे लोक थांबलेत. झालं ना बघून?"

"एकच बाजू झालीय," एर्मेलिंदा म्हणाली.

तिने समुद्राकडे पाठ केली आणि कठडा धरून, सावकाश, उरलेल्या तीन बाजू बघायला निघाली.